उतार वाढला की शरीर मागे का जातं: स्कीइंगमधला तोल, घोटा आणि बूट

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नागपूरचे, वय ४२, काम दिवसभर खुर्चीतलं. गेल्या फेब्रुवारीत त्यांनी गुलमर्गला आठवडाभराचा कोर्स केला. सोप्या उतारावर बरं जमतं, पण उतार थोडा वाढला की शरीर आपोआप मागे जातं आणि दहा मिनिटांत मांड्या पेटतात. डावीकडचं वळण येतं, उजवीकडे वळताना मात्र स्की ऐकत नाही. डावा घोटा काही वर्षांपूर्वी गाडीवरून पडून मुरगळला होता. इन्स्ट्रक्टर सारखा 'आगे झुको, घुटना मोड़ो' म्हणायचा, तेही करून पाहिलं, फरक पडला नाही. पुढच्या हिवाळ्याआधी नागपुरात राहून तोल कसा सुधारायचा, कोणते व्यायाम करायचे आणि बोसू बॉल (तोलाच्या सरावासाठी उभं राहायचा अर्धगोल, डुगडुगता रबरी चेंडू) घ्यावा का, असं त्यांना विचारायचं आहे.

मी हिवाळ्यात बर्फावर शिकवते आणि बाकीचे महिने नागपुरातच लोकांकडून पायांची तयारी करून घेते. दसरा-दिवाळी जवळ आली की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, फक्त घोट्याच्या जागी कधी गुडघा असतो. भाऊ, तुमच्या प्रश्नातच उत्तराचा बराचसा भाग आहे, म्हणून जरा खोलात जाऊन लिहिते.

बोसू बॉलचं आधी उरकते: घेऊ नका. ते पैसे बुटांसाठी लागतील. घोटा मुरगळल्यावर फिजिओथेरपिस्ट डुगडुगत्या फळीवर उभं करतात ते बरोबरच आहे, त्याचा उपयोग वेगळा आहे आणि त्याकडे मी पुढे येते. पण बर्फावर तुमची स्की डुगडुगत नव्हती. ती पुढे पळत होती आणि तुम्ही मागे राहत होतात. चुकीच्या जागी उभं राहण्याची सवय असलेला माणूस बोसूवरही चुकीच्याच जागी उभा राहतो, फक्त जास्त घाम गाळून.

आपली बस सुटते तेव्हा दांडा न धरता उभे असाल तर काय होतं ते आठवा. पाय बसबरोबर पुढे जातात, धड मागे राहतं. रोजचा प्रवासी ड्रायव्हरने गिअर टाकल्याचा आवाज आला की न कळत घोटे सैल करून पुढे सरकतो. उतारावर तुमच्या पायाखालची बस दर वळणाला नव्याने सुटत असते. स्कीची टोकं उताराच्या सरळ रेषेत आली की वेग वाढतो, आणि नेमक्या त्याच क्षणी घाबरलेलं शरीर डोंगराकडे, म्हणजे मागे, जातं. तोल सांभाळायचा म्हणजे घट्ट उभं राहायचं अशी आपली समजूत असते. घट्ट उभा राहिलेला माणूस बसमध्येही पहिला पडतो.

यात थोडं भूमितीचंही काम आहे. समजा उतार १५ अंशांचा आहे. घरात उभे राहता तसे तुम्ही तिथे सरळ उभे राहिलात तर स्कीच्या हिशेबाने तुम्ही १५ अंश मागे कललेले असता. स्की मोकळी घसरत असताना शरीर उताराला साधारण काटकोनात असावं लागतं. ही गोष्ट पटायला अवघड जाते, कारण डोळे आणि आतला कान आपल्याला आयुष्यभर एकच 'सरळ' शिकवत आलेले असतात. गुलमर्गच्या उतारावरची झाडं बघा, ती थेट आकाशाकडे वाढलेली असतात. तुम्ही त्या झाडांशी समांतर उभे असाल तर मागे आहात. उतार वाढला की हा फरक वाढतो, म्हणून सोप्या उतारावर जे चालून जातं ते पुढे चालत नाही.

वजन मागे गेलं की स्कीच्या पुढच्या भागावरचा दाब निघून जातो. वळण सुरू होतं तेच पुढच्या भागातून. तिथे दाब नसेल तर कड बर्फात रुतत नाही, स्की सरळच जाते, आणि मग माणूस खांदे फिरवून, कंबर झटकून ती ओढून वळवायला लागतो. इकडे मांड्यांवर अख्ख्या शरीराचा भार लोंबकळत असतो. मांड्या पेटल्या की लोक म्हणतात ताकद कमी पडली. बहुतेक वेळा ताकद पुरेशी असते, ती नको त्या कामाला लागलेली असते.

आता तो 'आगे झुको, घुटना मोड़ो'चा सल्ला. चुकीचा नाही, पण अर्धा आहे. 'घुटना मोड़ो' म्हटलं की आपण खुर्चीत बसल्यासारखे गुडघे वाकवतो. घोटा वाकत नाही, नडगी उभीच राहते आणि ढुंगण टाचांच्या मागे जातं. 'आगे झुको' म्हटलं की कमरेतून वाकतो, डोकं पुढे येतं, पण ढुंगण जिथल्या तिथे. वरून बघणाऱ्याला माणूस पुढे झुकलेला दिसतो, स्कीला मात्र वजन अजून मागेच लागतं. वाकायला हवा तो घोटा. नडगी पुढे जाऊन बुटाच्या पुढच्या जिभेला टेकली पाहिजे आणि टेकलेलीच राहिली पाहिजे. घोटा, गुडघा, खुबा हे तिन्ही थोडे थोडे वाकलेले, आणि सुरुवात घोट्यापासून.

इथे आणखी एक गोंधळ होतो. पुढे वजन द्यायचं म्हणून लोक चवड्यावर जातात, बुटात टाच उचलली जाते, पायाची बोटं तळ पकडायला लागतात. चवड्यावर जोर दिला की पोटरी आखडते आणि आखडलेली पोटरी घोटा उघडते, म्हणजे जे हवं त्याच्या उलट. टाच बुटाच्या तळाला चिकटलेली हवी, वजन टाचेच्या किंचित पुढे, तळव्याच्या कमानीच्या आसपास. करून पाहायचं असेल तर आत्ता उभे राहा आणि पायाची बोटं बुटाच्या छताकडे उचलल्यासारखी करा, टाच न हलवता. नडगीच्या पुढचा स्नायू आवळला जातो आणि घोटा आपसूक मिटतो. उतारावर दर दोन-तीन वळणांनी एकदा हे करत राहिलात तरी अर्धं काम होतं.

दोन पायांतलं अंतर खुब्यांइतकं ठेवा, खांद्यांइतकं नको. 'पाय जोडून चालव, छान दिसतं' असं कुणी जुनं माणूस सांगेल. ते लांब, सरळ स्कींच्या काळातलं आहे. १९९० च्या दशकात मधे निमुळत्या, टोकांना रुंद अशा स्की रूढ झाल्या आणि त्या कडेवर कलल्या की स्वतःच वळतात. पाय जोडलेले असतील तर त्यांना कलायला जागाच राहत नाही. हात पुढे, कोपरं अंगाच्या पुढे, आणि दोन्ही हात डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसत राहतील इतके वर. हातांबद्दल याहून जास्त मी बोलत नाही, पाय जागेवर आले की हात बहुतेक आपोआप येतात.

बूट. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण तुमच्यासारख्या दहा जणांत निदान निम्म्यांचा दोष बुटात सापडतो. भाड्याच्या दुकानात सकाळी गर्दी असते, पोरगा विचारतो 'साइज़?', आपण चपलेचा नंबर सांगतो, बूट घट्ट वाटतो, मोठा मागतो, मोठा मिळतो. संपलं. मोठ्या बुटात टाच उचलली जाते, नडगी आणि बूट यांच्यात पोकळी राहते, आणि तुम्ही घोटा कितीही वाकवा, स्कीला ते कळत नाही. स्की-बुटाचं माप म्हणजे पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये, जसं २६ किंवा २६.५. घरीच भिंतीला टाच लावून, पूर्ण वजन देऊन, दोन्ही पाय मोजा आणि लिहून घेऊन जा. २६ आणि २६.५ ला बाहेरचं प्लॅस्टिकचं कवच बहुधा एकच असतं, म्हणून अर्ध्या नंबरासाठी वाद घालू नका.

खरी परीक्षा अशी: आतला मऊ भाग काढायला सांगा, नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेच्या मागे किती जागा राहते ते बोटांनी मोजा. एक ते दोन बोटं ठीक. तीन बोटं मावत असतील तर तो बूट परत करा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या. मग आतला भाग घालून सगळं बांधल्यावर, सरळ उभं राहिलं की बोटं पुढे टेकली पाहिजेत, आणि नडगी पुढे ढकलली की ती मागे सरकून मोकळी झाली पाहिजेत. नवखा माणूस सरळ उभा राहून 'बोटं लागतात' म्हणतो आणि तिथेच मोठा बूट घेतो. आधी वाकून बघा.

मोजा एकच, पातळ, गुडघ्याखालपर्यंतचा. नागपूरचे लोक थंडीच्या धास्तीने दोन-दोन लोकरी मोजे चढवतात. त्याने पाय दाबला जातो, रक्त फिरत नाही आणि उलट जास्त गार पडतो. थर्मलची पँट बुटाच्या आत जाऊ देऊ नका, तिची घडी नडगीवर रुतली की दुपारपर्यंत तुम्ही दुखतं म्हणून मागे झुकायला लागता, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. बकल लावताना टाच जमिनीवर दोनदा आपटा, नडगी पुढे दाबा, आणि तशीच दाबलेली ठेवून आधी वरची बकलं लावा. पावलावरची नंतर, फक्त हलू नये इतकी. एक-दोन फेऱ्यांनंतर आतला भाग दबतो, तेव्हा पुन्हा एकेक घर आवळा. आणखी एक, रात्री बूट गाडीत किंवा व्हरांड्यात ठेवू नका. गारठ्याने प्लॅस्टिक कडक होतं आणि सकाळी ते वाकतच नाही.

आता तुमच्या घोट्याकडे. अनवाणी भिंतीसमोर उभे राहा. एक पाऊल पुढे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा पुढे नेऊन भिंतीला लावा. लागला तर पाऊल थोडं मागे घ्या, पुन्हा लावा. टाच न उचलता गुडघा जेमतेम टेकतो त्या ठिकाणी अंगठा आणि भिंत यांतलं अंतर पट्टीने मोजा. दहा सेंटीमीटरच्या आसपास असेल तर घोटा चांगला मोकळा आहे. दुसऱ्या पायाने करा. माझा अंदाज असा की तुमचा डावा उजव्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर कमी भरेल.

तसं असेल तर उजव्या वळणाचं कोडं तिथेच सुटतं. उजवीकडे वळताना बाहेरची स्की डावी असते आणि वळणातला बहुतेक भार बाहेरच्या पायाने घ्यायचा असतो. डावा घोटा वाकत नाही, शिवाय मुरगळलेल्या घोट्याची जागेची जाण मंदावलेली असते, म्हणजे पाऊल नेमकं कसं आणि किती कललंय याची खबर मेंदूला उशिरा पोचते. शरीर अशा पायावर भरवसा ठेवत नाही. ते वळणाच्या आत, उजव्या पायावर झुकतं, बाहेरची डावी स्की हलकी पडते आणि निसटते. तुम्ही म्हणता स्की ऐकत नाही. तिच्यावर तुम्ही उभेच नसता.

तपासून पाहायचं तर डोळे मिटून एका पायावर उभे राहा, शेजारी टेबल असू द्या. उजव्यावर किती वेळ, डाव्यावर किती वेळ. फरक बराच असेल तर रोज दात घासताना डाव्या पायावर अनवाणी उभं राहायचं, जमायला लागलं की मान डावीकडे-उजवीकडे फिरवायची, मग डोळे मिटून. डुगडुगती फळी इथे कामाची, पण दुमडलेली सतरंजी किंवा उशीही तेच काम करते. घोट्यात पुढच्या बाजूला चिमटल्यासारखं दुखत असेल किंवा तो मधूनच दगा देत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा, बाकी सगळं नंतर.

घोटा मोकळा करायला आपल्याकडे उकिडवं बसणं होतं. टाचा टेकवून चूल फुंकणाऱ्या, भाजी निवडणाऱ्या आज्यांचे घोटे आजही तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले निघतील. खुर्ची आणि कमोड आल्यापासून चाळिशीतल्या माणसाला टाचा टेकवून बसताच येत नाही, मागे कोलमडतो. रोज दोन-तीन मिनिटं, दाराची चौकट धरून का होईना, बसा. टाचा उचलल्या जात असतील तर खाली पातळ पुस्तक ठेवा आणि महिन्याभरात ते काढून टाका. काही घोटे हाडाच्या ठेवणीमुळेच जास्त वाकत नाहीत. अशांना बुटात टाचेखाली काही मिलिमीटरची पाचर घातली की बराच फरक पडतो, पण ते बूट बसवणाऱ्या जाणकाराकडूनच.

व्यायामांबद्दल. इंटरनेटवर स्कीइंगची तयारी म्हटलं की पहिला व्यायाम दिसतो तो भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसण्याचा. माझं मत विचाराल तर तो बंद करा. नडगी उभी, ढुंगण टाचांच्या मागे, पाठीला आधार: उतारावर जी बैठक मोडायची आहे तीच तुम्ही घरी बसून पक्की करता. त्याऐवजी भिंतीकडे पाठ करून, टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवून उभे राहा. आता ढुंगण भिंतीला न लावता हळूहळू खाली जा, टाचा जमिनीवरच. थोडंसंच जाता येईल आणि पहिल्यांदा हसू येईल, कारण मागे जायची सोयच नाही, घोट्यांना वाकावंच लागतं. हीच ती स्थिती. रोज दहा-बारा वेळा, दोनदा. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या बोलतील.

दुसरा व्यायाम जिन्याचा. पायरीच्या कडेवर एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाची टाच खालच्या पायरीला तीन सेकंदांत, आवाज न करता टेकवायची आणि परत वर. गुडघा आत पडू द्यायचा नाही, तो पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. स्नोप्लाऊमध्ये, म्हणजे स्कीची टोकं जवळ आणि मागचे भाग फाकवून वेग आवरताना, गुडघे आत पाडायची सवय लागते, ती इथे तुटते. डाव्याला उजव्यापेक्षा जास्त फेऱ्या द्या. रविवारी रामटेकला जात असाल तर गड चढण्यापेक्षा पायऱ्या उतरणं जास्त महत्त्वाचं समजा. उतरताना मांडीचा स्नायू लांब होत होत भार पेलतो आणि वळणात त्याचं काम नेमकं तसंच असतं. मांडीचा मागचा स्नायू विसरू नका. उताणं झोपून, टाचा जवळ घेऊन कंबर उचलणं, मग एका पायाने उचलणं. गुडघ्याला मागून धरून ठेवतो तो हाच.

आणि उड्या. जमिनीवर खडूने रेघ मारा, बाजूला उडी, बाहेरच्या पायावर उतरायचं, दोन सेकंद थांबायचं, मग परत. उतरण्याचा आवाज येता कामा नये. आवाज आला म्हणजे घोटा-गुडघा वाकला नाही.

एवढं आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे. डिसेंबरच्या शेवटी जायचं असेल तर दसऱ्याच्या सुमारास सुरू करा. ऑक्टोबरचं ऊन आपल्याकडे काय असतं ते सांगायला नको, तेव्हा सकाळी लवकर. सेमिनरी हिल्सच्या चढ-उतारावर भरभर चालणं दमासाठी पुरेसं आहे. दम लागतोच: नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर, गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा तीन हजारांच्या वर सोडतो आणि दुसरा चार हजारांच्या जवळ. पहिल्या दिवशी पाय लवकर थकतात आणि थकलेला माणूस आधी घोटा सोडतो, मग मागे बसतो. पहिल्या दिवशी जेवणानंतर थांबा. लोकांना हे पटत नाही, सुट्ट्या मोजक्या असतात. बहुतेक जण पडतात ते 'शेवटची एक फेरी' मध्ये.

बर्फाशिवाय स्कीइंगच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे एका रेषेत चाकं असलेले इनलाइन स्केट. नागपुरात बर्फ रसवंतीतच मिळतो, पण स्केटिंग शिकवणारे बरेच आहेत आणि लहान पोरांच्या बॅचमध्ये उभं राहायची लाज सोडलीत तर दोन महिन्यांत घोटे बदलतील. मागे झुकलात की स्केट लगेच जमिनीवर बसवतात, इतकी स्पष्ट शिकवण बोसूकडून मिळत नाही. हेल्मेट आणि मनगटाचं कवच घालूनच, बंद मैदानावर, रस्त्यावर मुळीच नाही. दुबईमार्गे कुठे जाणं होणार असेल तर तिथल्या मॉलमध्ये बंदिस्त बर्फाचा उतार आहे, सर्वांत लांब धाव सुमारे ४०० मीटरची. तास-दोन तास सवयीसाठी ठीक, त्यासाठी मुद्दाम जाऊ नका.

आता बर्फावर. पहिली सकाळ तुम्हाला आधीच जमतं त्या सोप्या उतारावरच घालवा. सरळ घसरत असताना छोट्या छोट्या उड्या मारा, स्की जेमतेम सुटतील इतक्याच. वजन मागे असेल तर उडीच बसत नाही, शेपट्या, म्हणजे स्कीची मागची टोकं, बर्फाला चिकटून राहतात. मग उतार आडवा कापत जा आणि डोंगराकडच्या स्कीची फक्त शेपटी उचला, टोक बर्फाला टेकलेलं ठेवून. मला हा प्रयोग सगळ्यात आवडतो कारण यात फसवता येत नाही: शेपटीच्या ऐवजी टोक उचललं गेलं तर तुम्ही मागे आहात, कुणाला विचारायची गरज नाही. दोन्ही दिशांनी करा. उजवीकडे जाताना डोंगराकडची स्की उजवी असते आणि भार डाव्या पायावर, डावीकडे जाताना उलट. तुमची खरी परीक्षा उजवीकडे जाताना आहे, कारण तेव्हा दरीकडचा पाय डावा.

नंतर बाजूने घसरणं. स्की उताराला आडव्या ठेवून कडा थोड्या सोडायच्या आणि सरळ खाली घसरायचं. वजन पुढे गेलं की स्की तिरक्या पुढे जातात, मागे गेलं की तिरक्या मागे. बरोबर मधे असाल तरच सरळ खाली. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून कोर्समध्ये दहा मिनिटांत उरकतात, मी अर्धा दिवस करवते. यातून आणखी एक मिळतं: कितीही उभ्या उतारावर अडकलात तरी घसरत खाली येता येतं हे शरीराला कळतं. भीती समजावून जात नाही, सुटायची वाट माहीत झाली की ती कमी होते आणि मागे ओढणारी मूळ गोष्ट तीच आहे.

वळणांवर आल्यावर पावलं टाकत वळा. पूर्ण वळणभर डावा-उजवा, डावा-उजवा, छोटी पावलं उचलत राहायचं. मागे बसलेल्या माणसाला पाऊल उचलताच येत नाही. सोप्या उतारावर बुटांची वरची दोन बकलं उघडी ठेवून काही फेऱ्या मारणं हाही जुना आणि चांगला उपाय आहे. बुटाचा मागचा आधार जातो, घोट्याला काम करावंच लागतं. हळू वेगात आणि मोकळ्या जागेतच.

तुमच्या उजव्या वळणासाठी खास: वळण सुरू झालं की डावा हात डाव्या गुडघ्याच्या बाहेरून खाली, बुटाच्या दिशेने न्या, उजवा हात वर राहू द्या. त्याने धड बाहेरच्या, म्हणजे डाव्या स्कीवर येतं आणि खुबा वळणाच्या आत जातो. वळण संपताना उजव्या स्कीची शेपटी उचलून बघा. उचलली गेली म्हणजे भार डाव्यावर आला. सुरुवातीला डावा पाय घाबरेल, म्हणून उतार इतका सोपा निवडा की घाबरायला कारणच उरू नये. आरिफ खान हा काश्मीरचा खेळाडू २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या खांबांमधून वळत उतरायच्या शर्यतींमध्ये उतरला होता, जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला. त्याचे व्हिडिओ मिळाले तर वेग निम्मा करून फक्त बाहेरचा पाय आणि खुबा बघा, दोन खांबांच्या मधला भाग. बाकी काही बघू नका.

वेग वाढतो म्हणून मागे जाता, तर वेग वळणाच्या आकाराने कमी करा. वळण अर्धवट सोडून लगेच दुसरं घेऊ नका, स्की उताराला आडव्या होऊन किंचित वर चढेपर्यंत ते पूर्ण करा. वेग तिथे मरतो. मग नव्या वळणासाठी शरीराला दरीकडे, स्कीच्या पलीकडे जाऊ द्यावं लागतं, आणि हा एकच क्षण खरोखर धाडसाचा असतो. तो कमी वेगात शंभरदा केला की उभ्या उतारावर एकदा करता येतो.

ढग उतरले की तोल बिघडतो, ते तुमच्या पायाचं पाप नाही. सावल्या जातात, बर्फ आणि आभाळ एक होतं आणि तोलासाठी डोळे जी माहिती देतात ती बंद होते. अशा वेळी खालच्या टप्प्यावर, झाडांच्या कडेकडेने चालवा, वेग कमी करा. डोळे मिटून एका पायावर उभं राहण्याचा सराव इथे वसूल होतो.

मागे बसण्यात मांड्या पेटणं हा लहान त्रास आहे, मोठा धोका गुडघ्याला आहे. मागे पडताना ढुंगण गुडघ्यांच्या खाली जातं, सगळा भार खालच्या स्कीच्या शेपटीच्या आतल्या कडेवर येतो, स्की आत वळते आणि गुडघा पिरगाळला जातो. पुढचा लिगामेंट तुटायची ही ठरलेली रीत. म्हणून तोल गेलाच आहे असं वाटलं की सावरायची धडपड करू नका. हात पुढे, पाय जवळ, आणि बाजूला पडा. घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायचा प्रयत्न करू नका. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड, किती ताकदीला सुटेल हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची पातळी बघून लावतात. दुकानात हे सगळं खरं सांगा. 'सारखी सुटते, जरा टाइट कर' असं मित्राच्या सांगण्यावरून करू नका, मागे बसणाऱ्याची बाइंडिंग तशीही नको तेव्हाच सुटते आणि हवी तेव्हा सुटत नाही.

इन्स्ट्रक्टर पुन्हा घ्याच, पण पहिल्या दिवशी त्याला इतकंच सांगा: डावा घोटा कमी वाकतो, उजव्या वळणात बाहेरच्या स्कीवर येत नाही, यावर काम हवंय. एक फेरी त्याला मागून आणि एक बाजूने मोबाइलवर चित्रित करायला लावा. बाजूच्या चित्रणात नडगीचा आणि पाठीचा कल साधारण सारखा दिसला पाहिजे. दोन दिवस हे सगळं करूनही उजवं वळण तसंच राहिलं तर तिसऱ्या सकाळी दुकानात जाऊन डावा बूट तपासा. त्याच्या वरच्या भागाचा बाजूचा कल बऱ्याच बुटांत घोट्याजवळच्या स्क्रूने थोडा बदलता येतो, आणि भाड्याच्या बुटांत तो स्क्रू कुणीतरी आधीच कसाही फिरवून ठेवलेला असू शकतो.